अक्काच्या भिंतीवरचे ठिपके

आमच्या दारासमोर भिंत आहे. अंगण नाही, झाड नाही. एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या पलीकडे अक्काच्या घराची मागची बाजू. नुसता सिमेंटचा गिलावा आणि एक खिडकी, रंग कधी दिलेला नाही. लग्न होऊन भवानी पेठेत आले तेव्हापासून दार उघडलं की मी तीच भिंत बघते. उन्हाळ्यात ती तापलेल्या तव्याच्या रंगाची दिसते, बाकीचे दिवस राखेच्या.

अक्का म्हणजे आमची शेजारीण. त्यांचं घर तेलुगू, विणकरांचं. पुढच्या खोल्यांत माग आहेत, टॉवेल विणतात. सकाळी माग सुरू झाले की आमच्या मांडणीवरची भांडीसुद्धा थोडी थोडी सरकतात. सगळं आयुष्य मागापाशी गेल्यामुळं अक्काचा आवाज मोठा आणि कान जड. माझं उलटं. माझा आवाज तोंडातल्या तोंडात राहतो. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेवढ्या वर्षांत गुरुजींनी मला "मोठ्यानं बोल" याशिवाय दुसरं फारसं काही सांगितलं नाही. ते काही मला जमलं नाही. तरी अक्काचं आणि माझं जमलं. ती बोलायची, मी मान हलवायची. तिला माझं ऐकू यायचं नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मला मूल नाही. हे लिहायला नको वाटतं, पण पुढं जे झालं ते यावरच उभं आहे. आमच्या गल्लीत कुणाची ओटी भरायची असली की मला बोलावणं येतंच असं नाही. कुणी तोंडावर काही म्हणत नाही. "अगं, गडबडीत राहूनच गेलं की," असं दुसऱ्या दिवशी म्हणतात आणि वाटीत थोडा गोड शिरा आणून देतात. अक्कानं असं कधी केलं नाही. तिच्या लेकीच्या वेळी तिनं मला हात धरून पुढं बसवलं होतं, आणि तिची सासू, जिला सगळे आजी म्हणतात, ती काही पुटपुटली तेव्हा अक्का तेलुगूत तिच्यावर ओरडली होती. मला एक शब्द कळला नाही, पण कशाबद्दल ओरडली ते कळलं.

गेल्या वर्षी अक्काच्या मुलाचं लग्न झालं. सून तेलंगणातली. मराठी चार शब्द येत होते. तिला दिवस गेले आणि मागाच्या आवाजानं तिचं डोकं उठायला लागलं. दुपारी ती बोळ ओलांडून आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. आवाज इथंही येतोच, पण भिंतीपलीकडून येतो, त्यामुळं जरा मऊ लागतो. मी टॉवेलांचे सुटलेले धागे कापत बसलेली असायची. ते माझं घरबसल्या काम. ती शेंगाची चटणी आणि शिळी भाकरी मागून खायची. मागायची म्हणजे डब्याकडं बोट करायची. आम्ही बोलत नव्हतो. दोघींनाही त्याचं ओझं वाटत नव्हतं. माझ्या घरात कुणी इतका वेळ बसलं आहे आणि मला काय बोलू, काय बोलू असं झालं नाही, हे त्या पोरीच्या बाबतीतच घडलं.

आमच्या खिडकीत कूलर आहे. त्याचं पाणी ठिबकून खालच्या विटांवर शेवाळ धरतं. दर उन्हाळ्यात धरतं, दर उन्हाळ्यात मी ते खरवडून टाकते, कारण ओल दिसली की घरमालक बोलतात. त्या दिवशी ती पोरगी वाकली आणि त्या शेवाळावरून बोट फिरवायला लागली. मांजराच्या पिल्लावरून फिरवावं तसं. माझ्याकडं बघून म्हणाली, "पाची."

मला वाटलं ती पाचू म्हणतेय. अंगठीतला हिरवा खडा. खरंच तसा रंग होता. मीही म्हणाले, "पाची." ती हसली. त्या उन्हाळ्यात मी ते खरवडलं नाही.

बहिणीची मुलगी पुण्याला असते. ती मला मोबाईलवर काय काय पाठवते. त्यात एक व्हिडिओ आला, एक बाई शेवाळ ताकात वाटते, चिमूटभर साखर घालते आणि ब्रशनं भिंतीवर वेल काढते. काही आठवड्यांनी ती वेल हिरवीगार होऊन भिंतीवर जिवंत उभी. मी तो पुन्हा पुन्हा बघितला. ती पोरगी आमच्या उंबऱ्यावर बसली की तिच्यासमोर ती राखेच्या रंगाची भिंतच असायची. तास तास. तिच्यासाठी तिथं काहीतरी हिरवं असावं, एवढंच माझ्या मनात आलं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

पण भिंत अक्काची. विचारायला हवं होतं. दोन दिवस मी शब्द जुळवले आणि मग गेले. अक्का मागांच्या मधे बसून सुताच्या कांड्या भरत होती. खडखडाट चालू होता. मी तिच्या कानाजवळ जायला हवं होतं, पण तिथं तिचा मुलगा उभा होता, म्हणून मी दारातूनच म्हणाले, "अक्का, तुमच्या भिंतीवर शेवाळ लावू का?"

"काय?"

"शेवाळ. लावू का भिंतीला?"

"आता? पावसाच्या तोंडावर?"

"पावसातच बरं की."

ती माझ्याकडं बघत राहिली, मग पोट धरून हसली. "तुजं कायतरीच वैनी! घाल की बाई. भिंत काय खानार हाय का तुला?"

मी आनंदानं परत आले. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

आभाळ भरून यायला लागलं तशी मी कामाला लागले. कूलरखालचं आणि मोरीच्या बाहेरच्या दगडांवरचं शेवाळ उलथन्यानं अलगद सोडवलं. मिक्सरमध्ये घालायचं धाडस झालं नाही, म्हणून जुन्या पाट्यावर वाटलं. ताक घातलं, साखर घातली. हे चिंचोळीहून कामावरून आले, तेव्हा मी वाडगा हातात घेऊन बसले होते.

"काय गं हे?"

"भिंतीला लावायचंय."

"भिंतीला ताक पाजतीस. आन् मी जेवताना मागितलं तर संपलं म्हणतीस."

मला चित्र काढता येत नाही. रांगोळी येते. रांगोळी म्हणजे ठिपक्यांची. आधी ठिपके द्यायचे, ओळीत, सारख्या अंतरावर, मग त्यांतून रेघ फिरवायची. म्हणून मी सकाळी सावली असताना बोटानं भिंतीवर ठिपकेच दिले. नीट ओळी धरून, त्यांच्या खिडकीच्या खाली. आधी हे धरतायत का बघू, मग जोडू, असा विचार केला. त्या खिडकीच्या आत त्या पोरीची झोपायची खोली होती, हे मला माहीत होतं. त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

दुपारपर्यंत ठिपके काळपट पडले, आणि साखरेला मुंग्या लागल्या. एकेका ठिपक्याभोवती काळं कडं. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत त्यांची रांग. माझ्याआधी मुंग्यांनीच रांगोळी जोडायला घेतली होती. आंबट वासही सुटला होता. मी दारात बसून त्यांना पदरानं वारा घालत होते, तेवढ्यात आजी काठी टेकत बोळात आली. भिंतीजवळ गेली. वाकून वास घेतला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पाची! पाची!"

सुनेनं म्हटलेला तोच शब्द. मला वाटलं आजीलाही आवडलं. मी हसले.

तिनं काठीनं भिंतीकडं दाखवलं, मग माझ्याकडं. "तू?"

मी हसत हसत मान हलवली. अजून आठवलं की अंग चोरून घ्यावंसं वाटतं. तिच्या तोंडाकडं बघून तरी मला कळायला हवं होतं. पण मी माणसांच्या तोंडाकडं कधी नीट बघतच नाही. मी तिच्या काठीकडं बघत होते.

त्या दुपारी पोरगी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खिडकीला आतून पडदा लागला. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडं रोज येत नाही, आलं की सगळ्या बायका एकत्र असतात, आणि मी गेले तशा त्या बोलायच्या थांबल्या. त्याआधीचं थोडं मी ऐकलं होतं.

"दह्याताकाचंच करतेत की असलं. मुंग्या उगाच येतेत व्हय?"

"आन् नेमकं पोरीच्या उशाशी."

"जिला न्हाय, तिचा जीव जळतोच गं."

मी घागर नळाखाली धरली. एक जण मोठ्यानं म्हणाली, "वैनी, आमच्या बी भिंतीला काढा की रांगोळी!" बाकीच्या हसल्या. दुसरी म्हणाली, "नगं गं बाई, माजी सून बी दोन जिवांची हाय." मग कुणी हसलं नाही. मी घागर अर्धीच भरून उचलली. माझ्या मागं कुणीतरी नळाखालची जागा पाण्यानं धुतली. कदाचित सहजच धुतली असेल.

करणी. मी केली असं त्यांना वाटत होतं. आपण एक वाक्य बोललो तर हे मिटेल, हे मला कळत होतं, आणि ते वाक्य घेऊन मी अक्काच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले. माग चालू होते. ओरडून काय सांगणार होते? "अक्का, मी करणी केली नाही," हे मोठ्यानं बोलायचं वाक्य आहे का?

आणि दुसरंही एक होतं. घरी येऊन मी हात धुतले तेव्हा नखांत अजून हिरवं होतं, आणि मला वाटलं, खरंच माझ्या हातात काही असेल का? त्या पोरीचा मला कधी हेवा वाटला नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. ती भाकरी खाताना एक हात पोटावर ठेवायची. त्या हाताकडं मी बघायची. ठिपके देताना ते माझ्या मनात नव्हतं. पण नव्हतंच, हे मी कुणाला पटवून देऊ? मलाच पटत नव्हतं. मी नखं दगडावर घासली.

मग एका दुपारी लाईट गेली. माग थांबले. असे अचानक थांबले की आमच्या गल्लीत कान दुखल्यासारखे होतात. त्या शांततेत अक्का बोळ ओलांडून आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"वैनी, खरं सांग. ते ठिपके तू काढलीस?"

"व्हय."

"का?"

"तुमाला इचारलं हुतं की."

"मला? कवा?"

"माग चालू हुते तवा. तुमी घाल म्हणालात."

"काय घाल म्हनलं मी?"

"शेवाळ."

"शेवाळ म्हंजे काय?"

मला धक्का बसला. इतक्या वर्षांची शेजारीण, इतकं मराठी बोलणारी, आणि तिला हा शब्द माहीत नव्हता. मी तिला कूलरखाली नेलं आणि उरलेला हिरवा तुकडा दाखवला.

"पाची!" ती ओरडली. "हे व्हय? अय्यो! मला वाटलं शेवया! शेवया वाळवू का म्हनतीस! म्हनून म्हनलं, पावसाच्या तोंडावर कोन वाळवतंय? मला वाटलं काठ्या टेकवून वाळत घालशील भिंतीला. आन् वाळल्या की वाटीभर देशील मला. मी वाट बघत बसले!"

ती हसता हसता खाली बसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "पाची म्हंजे पाचू न्हवं?"

"पाची म्हंजे हेच. शेवाळ तुजं. आन् नासक्या, शिळ्या वासाला बी पाची म्हनत्यात." तिचं हसणं थांबलं. डोळे पुसत म्हणाली, "माजं सोड. मला कळलं. पर म्हातारीला कोन सांगनार? तिनं तुला इचारलं, तू म्हने हसून हो म्हनलीस."

 लाईट आली आणि माग सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या मुलानं मागच्या भिंतीला चुना मारला. आजी खुर्ची टाकून बोळात बसली होती. ठिपके असलेल्या जागी त्यानं पुन्हा एक हात मारावा म्हणून ती काठीनं दाखवत होती. मी दार लावून घेतलं, पण दाराच्या फटीतून पांढरा उजेड घरात यायला लागला. माझ्यामुळं त्या भिंतीला पहिल्यांदा रंग मिळाला होता.

सातव्या महिन्यात त्यांच्यात बांगड्या भरतात. आपल्या डोहाळजेवणासारखंच. सगळ्या गल्लीला बोलावणं गेलं. आमच्या दारात अक्का शेवटी आली. कुंकू लावलं आणि हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानानं हळू, म्हणाली, "येशील न्हवं?"

"आजी?"

"ती काय बोलली तर मनावर घेऊ नको."

म्हणजे ती बोलणार होती. मी जाणार नाही असं ठरवून टाकलं. रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ते घास तोंडात घेऊन म्हणाले, "न्हाय गेलीस तर मग तूच केलीस असं ठरलं की. जा. कोपऱ्यात बस. पर जा."

माझ्याकडं उन्हाळ्यात केलेल्या शेवया डब्यात होत्या. माढ्याला बहिणीकडं जाऊन आम्ही दोघींनी केल्या होत्या. अक्का वाटीभर शेवयांची वाट बघत होती, हे माझ्या मनातून जात नव्हतं. मी त्यांची खीर केली. पातेलं पदराखाली धरून गेले.

खोली भरलेली होती. पोरगी मधे पाटावर बसली होती, हिरव्या साडीत, हातभर बांगड्या. तिनं मला बघितलं आणि लगेच आजीकडं बघितलं. मी पातेलं अक्काकडं दिलं. अक्का मोठ्यानं म्हणाली, "बघा, वैनीनं शेवया आनल्या!" काही जणींना तो किस्सा आधीच कळला होता, त्या हसल्या. अक्कानं वाटी भरून सुनेच्या पुढं केली, तेव्हा आजीची काठी मधे आली.

"तू खा," आजी मला म्हणाली. "पैले तू."

 नळावरच्या सगळ्या तिथं होत्या. अक्का काहीतरी म्हणायला लागली, पण मीच हात पुढं केला आणि वाटी घेतली. मला कुणासमोर खाता येत नाही. लग्नात वाढलं तरी मी पदर तोंडापुढं धरून खाते. त्या दिवशी उभ्यानं, सगळ्यांच्या मधे, त्यांनी माझ्या तोंडाकडं आणि गळ्याकडं बघत असताना मी ती खीर खाल्ली. गरम होती, जीभ भाजली. एक शेवई हनुवटीला चिकटली ती मला कळत होती, पण पुसायला हात उचलला नाही. वाटी रिकामी करून मी आजीला दाखवली. लहान मूल दाखवतं तशी. हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. मीच केलं.

मागून एक जण कुजबुजली, "खाल्ली की गं."

तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मला बी."

तिनं माझ्या हातातली उष्टी वाटीच ओढून घेतली आणि अक्कापुढं धरली. अक्कानं भरली. आजी तेलुगूत काहीतरी बोलली, पण तोवर पोरीनं दोन चमचे खाल्ले होते. तिच्या आवडीच्या चटणीसारखंच, खाली बघत, भरभर.

ओटी मात्र मी भरली नाही. नारळ अक्काच्या हातात दिला आणि निघाले. मला कुणी थांबवलं नाही, थांब म्हणालंही नाही.

पोरगी बाळंतपणाला माहेरी गेली. श्रावण लागला. एका सकाळी दार उघडलं तर भिंतीवरचा चुना खालच्या बाजूनं फुगून सुटला होता, आणि तिथं हिरवं आलं होतं. मी काही लावलं नव्हतं. खिडकीखाली जिथं ठिपक्यांची शेवटची ओळ होती तिथंच, तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे पुंजके. ओळीत.  आता पुन्हा सगळं होणार. मी उलथनं घेतलं आणि कुणी उठायच्या आत खरवडावं म्हणून भिंतीशी गेले.

पण माग सुरू झालेलेच होते. खिडकी उघडली आणि अक्का मला बघून काहीतरी ओरडली. मला एवढंच ऐकू आलं, "शेव..." पुढचं मागांत गेलं. मी सवयीनं मान हलवली. मग थांबले. उलथनं तसंच हातात घेऊन बोळाला वळसा घातला, त्यांच्या पुढच्या दारातून आत गेले. कापसाची कुसं नाकात जात होती, तिचा मुलगा मागापाशी उभा होता. मी त्याला ओलांडून अक्काजवळ गेले आणि तिच्या कानाला तोंड लावून म्हणाले, "काय म्हणालात?"

"शेवया हायत का अजून, म्हनलं! सून फोनवर मागतीया. मुलगा जानार हाय परवा तिकडं."

"हायत," मी म्हणाले. "देते." आणि मग, तसंच कानाला तोंड लावून, "भिंतीला शेवाळ आलंय परत. मी न्हाय लावलं."

अक्कानं ऐकलं. या वेळी नक्की ऐकलं. तिनं खांदे उडवले आणि पुढची कांडी घेतली.

दारापाशी आजी खुर्चीत बसली होती. ती माझ्या हातातल्या उलथन्याकडं बघत होती. त्याला अजून काही लागलं नव्हतं. तरी मी ते पदराखाली घेतलं आणि शेवया काढायला घरी आले.